न केलेला कढ

काविळीच्या माणसाचं पथ्य जिने महिनोन्‌महिने सांभाळलंय, ती बाई मला न सांगता ओळखू येते. तिच्या बोटांना हळद नसते. माझ्या बोटांची हळद आठ महिने गेली होती. घरात दोन स्वयंपाक व्हायचे. एक आम्हा सासूसुनांचा, हात लागेल म्हणून तोही बिनहळदीचा, आणि एक माझ्या मालकांचा. त्यांच्यात तेल नाही, तिखट नाही, फोडणी नाही. काविळीत हळद वर्ज्य म्हणून हळद नाही, आणि पोटात पाणी धरलं म्हणून डॉक्टरांनी मीठही बंद केलेलं. उरलं काय, तर मुगाचं पाणी आणि ज्वारीच्या कण्या. मालक ताटाकडे बघत आणि म्हणत, "अवं, आज काय विशेष?" मला हसू यायचं नाही. सकाळपासून मळ्यात मिरच्या तोडून आल्यावर माणसाला विनोद कळेनासे होतात.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून कोसभर आत. विहिरीवर मोट चालायची आणि मळ्यात वांगी, मिरच्या, कांदे, गवार. माल खामगावच्या बाजारात जायचा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात सासू, मालक, मी, आणि नोकरीला लांब गेलेले धाकटे दीर. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मालकांना आधी साधी कावीळ झाली, ती बरी झाली असं वाटलं, वर्षभराने परत उलटली आणि मग उतरलीच नाही. पाय बारीक आणि पोट घागरीसारखं. खामगावच्या डॉक्टरांनी दोनदा सुईने पोटातलं पाणी काढलं आणि यकृत कडक झाल्याचं सांगितलं. दारू पीत होते का, असंही विचारलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि जन्मात त्यांनी विडीसुद्धा ओढली नव्हती. सासूबाईंना तो प्रश्न फार लागला.

मग गावठी उपाय सुरू झाले. बुडत्याला काडीचा आधार. एरंडाच्या पानांचा रस झाला. चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ उतरवून झाली; पाणी पिवळं झालं आणि मालक तसेच राहिले. गळ्यात काविळीची माळ घातली, ती रोज खाली उतरत जाते म्हणतात. धामणगाव बढ्याच्या बाजूला एक जण रविवारी औषध द्यायचा, त्याच्याकडेही तीन रविवार बैलगाडीने गेलो. या सगळ्या औषधांचे नियम एकच होते आणि सासूबाईंना ते तोंडपाठ होते. औषध अनशापोटी, दिवस उगवायच्या आत घ्यायचं. काय घेतलं ते दुसऱ्या वैद्य-डॉक्टरला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. आणि औषधाला विस्तव दाखवायचा नाही. कुटायचं, पिळायचं, कच्च्या दुधातून द्यायचं, पण आच लागू द्यायची नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. त्यांच्या चुलीला मासमच्छीचा वास नव्हता. माझं माहेर खाणारं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या माहेरून आलेला तवा बाहेर काढून भंगारवाल्याला देऊन टाकला होता. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण आमच्या घरची चूल आत्याबाईंची होती, मी तिच्यावर फक्त स्वयंपाक करायचे.

नवं राज्य झालं तो काळ. आमच्याकडची नोकरीवाली पोरं कुठच्या कुठे फेकली जात होती. दीर बांधकाम खात्यात मस्टर कारकून, त्यांना टाकलं थेट कोकणात, समुद्रकाठच्या रस्त्याच्या कामावर. पत्रात लिहायचे की इथे विहिरीपेक्षा पाणी जास्त आहे पण पिता येत नाही. एका कोळ्याच्या घरी त्यांनी खोली घेतली होती. मालकांवर त्यांचा फार जीव. वडील गेल्यावर मालकांनीच त्यांना शिकवलं होतं.

त्या वैशाखात ते अचानक आले. आगबोटीने मुंबई, रेल्वेने जलंब, तिथून फाट्याची गाडी धरून खामगाव आणि पुढे एसटी. तीन दिवसांचा प्रवास आणि खांद्यावर एक ओलं पोतं. पोत्यावर शिंपडायला समुद्राचं पाणी भरलेली एक किटलीसुद्धा होती. दुपारी अंगणात येऊन त्यांनी पोतं उतरवलं, तेव्हा अर्धी गल्ली जमली. आतून निघाले वेडेवाकडे, खरबरीत, काळपट दगड.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "काऊन बे, आपल्याकडची दगडं सरली का, म्हणून तिकडून आणली?"

"कालवं हायेत बाबा. आत जीव आहे त्याच्यात. समुद्रातली."

"जित्ती?"

"हाव. तोंड मिटलेली जित्ती. ज्यायचं उघडलं ते फेकून द्याचे."

बाजेवर पडलेल्या मालकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तीन दिवस दगडं वाहून आणले लेका. मी मेलो असतो तं छातीवर ठेवले असते."

दीर हसले नाहीत. त्यांनी मला आणि आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. ते राहत त्या घरची बाई म्हणाली होती, दुखण्यातल्या माणसाला कालवांचा कढ पाजा, अंगात ताकद येते. चांगला रटारट उकळायचा, कालवांची तोंडं आपसूक उघडेपर्यंत आणि त्याच्याही पुढे. मास खायला नको, नुसतं पाणी पाजलं तरी चालतं.

"उकळाचा?" आत्याबाई म्हणाल्या. "कुठी? माह्या चुलीवर?"

"माय, औषध आहे ते."

"शिजवलं म्हणजे कालवण झालं. कालवण या घरात चालत नाही, त्याच्या गळ्यात माळ आहे. कच्चं दिलं तं औषध. अन् औषधाले इस्तव दाखोत नाही, हे तुले मी सांगू?"

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मला त्या वेळी वाटलं नाही, आणि गल्लीत जमलेल्यांतही कोणाला वाटलं नाही. आठ महिने आम्ही कच्चाच पाला पिळून देत होतो. त्यात आणखी एक कच्ची गोष्ट. शिवाय आत्याबाईंचं म्हणणं एका अर्थी मालकांच्या बाजूचं होतं: जन्मभर पाळलेला नियम मरणाच्या भीतीने मोडायला लागू नये म्हणून त्यांनी ही वाट काढली होती.

दीर मात्र ऐकेनात. "मी अंगणात चूल मांडतो. मडकं कुंभाराचं नवं आणतो, मंग फोडून टाकू. तुह्या चुलीले धक्का नाही." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार की नकार, हे आमच्या घरात दुसऱ्या दिवशी कळायचं.

दिवस मावळायच्या आत दिरांनी कडुनिंबाखाली तीन दगड मांडले, मडकं पाणी भरून शेजारी ठेवलं, गंजीवरून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची एक पेंढी आणून टाकली. मला म्हणाले, "वैनी, सकाळी तुमी फक्त पेटवा. कालवं मी टाकतो." आणि तीन दिवसांची झोप डोळ्यांवर घेऊन ओसरीत आडवे झाले.

सकाळी सगळ्यांच्या आधी मीच उठायचे. अंगण झाडायला घेतलं, तर मधोमध ते तीन दगड.

मी फार थकले होते, हे मला इथे लिहायचं आहे, आणि ते कारण म्हणून पुरत नाही हेही लिहायचं आहे. आठ महिने मी नीट झोपले नव्हते. मालकांचं अंग पुसणं, कूस बदलणं, दोन स्वयंपाक, मळा, पाणी. त्या दगडांकडे बघितलं आणि पुढचा सगळा दिवस मला दिसला. चूल पेटवली की आत्याबाई दारात येऊन उभ्या राहणार. वास घरात आला म्हणणार. मग घर सारवा, अंगण सारवा, त्यांची आंघोळ, माझी आंघोळ, मालकांच्या अंगावरून पाणी, आणि या सगळ्यावर त्यांचं तोंड, संध्याकाळपर्यंत. दीर दोन दिवसांनी निघून जाणार होते. तोंड मला ऐकायचं होतं.

मी ते दगड उचलले आणि कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवले. मडक्यातलं पाणी वांग्याच्या झाडांना घातलं आणि मडकं भिंतीआड पालथं केलं. पेंढी गंजीवर परत टाकली. मग सडा घातला. मला त्या वेळी काय वाटलं, ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं.

दीर उठून डोळे चोळत आले. "वैनी, दगड कुठी गेले?"

मी काही बोलले नाही. नुसतं आत चुलीकडे पाहिलं. तिथे आत्याबाई पाठमोऱ्या बसून फुंकणीने विस्तव फुंकत होत्या. दिरांनीही तिकडे पाहिलं. त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं आणि तोंड मिटलं. मी झाडू ठेवायला गेले.

तेवढ्यात आत्याबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. "उघड लवकर. दिवस निघून राह्यला." दिरांनी वाटीकडे पाहिलं. तेव्हा भांडले असते तर? पण दारातल्या बाजेवर मालक जागे होते, आणि त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने बोलायचं नाही असा घराचा रिवाज पडला होता. त्यांनी पटाशी घेतली आणि एकेक कालव फोडायला बसले.

"हे तं शेंबडावाणी दिसून राह्यलं बे," मालक म्हणाले.

"दादा, मी खाऊन दाखोतो." आणि दिरांनी दोन कालवं मान मागे टाकून गिळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हसले. मग मालकांनी एक घेतलं. तोंड वाकडं केलं, थांबले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. आठ महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"खारट आहे," ते म्हणाले. "आणखी दे."

मिठाला आसुसलेल्या माणसाने सात-आठ कालवं खाल्ली. वाटीतलं पाणीसुद्धा प्याले. आत्याबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. त्या दिवशी दुपारी ते कण्यासुद्धा दोन घास जास्त जेवले आणि आम्ही तिघांनीही मनातल्या मनात गुण आला असं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरून ताप आला. वैशाखाच्या उन्हात तीन घोंगड्या घातल्या तरी बाज हलत होती. पोटऱ्या धरून कण्हायला लागले, "पायात कोणी खिळे ठोकून राह्यलं." मी पाय चेपायला बसले तर कातडीवर लालजांभळे डाग. दुपारपर्यंत त्या डागांवर फोड आले, जांभळाएवढे, आत काळसर पाणी. मी देवीचे फोड पाहिले होते, नागीण पाहिली होती, भाजलेलं पाहिलं होतं. असं काही पाहिलं नव्हतं. आत्याबाई फोड बघून मागे सरकल्या आणि भिंतीला टेकल्या.

बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने खामगावला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पायांवरची चादर काढली आणि पहिला प्रश्न विचारला, काय खाल्लं? दिरांना त्यांनी तापाचं इंजेक्शन आणायला आधीच बाजारात पाठवलेलं होतं. उत्तर द्यायला आम्ही दोघीच होतो.

"काही नाही," आत्याबाई म्हणाल्या. "पथ्याचंच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाला पदर लावून उभी होते, तशीच राहिले. सासूसमोर सासूचं खोटं पाडायचं हे मला शिकवलेलं नव्हतं, आणि औषध सांगितलं की गुण जातो हे खूळ अजूनही कुठेतरी डोक्यात होतं. गुण!

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक गेले. सकाळी थोडे शुद्धीवर होते. मला म्हणाले, "घरी गेल्यावर वरणात हळद घाल वं बाई. पांढरं वरण पाहून पाहून डोये फुटले." मी म्हटलं, "घालते." ते आमचं शेवटचं बोलणं.

घरी आल्यावर लोकांचं बोलणं सुरू झालं. एवढे फोड कशाने आले, यावर गावाला उत्तर हवं होतं. कालवांनी आले म्हणावं, तर दिरांनीही तीच खाल्लेली, त्याच वाटीतली, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धडधाकट फिरत होते. मग कालवांचा काय दोष? दोष पथ्याचा. पथ्य कोणाच्या हातात? माझ्या. सुतकात भेटायला आलेल्या बायकांनी माझ्या देखत एकमेकींना सांगितलं की काविळीत चिमूटभर हळद पोटात गेली तरी अंगावर असंच उठतं. "मागत व्हता म्हणे तो बिचारा. दिली असंल हिनं."

मागत होते, हे खरं. रोज मागत होते. मी एकदाही दिली नव्हती. दिली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं, निदान खाल्ली असती.

आत्याबाई त्या बायकांच्या मध्येच बसलेल्या असायच्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाही म्हणाल्या नाहीत. तेराव्यानंतर दीर निघाले. आईच्या पाया पडले नाहीत. मला म्हणाले, "वैनी, येतो," आणि गेले. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी एकदा येत. तिकडचीच बायको केली. आले की ओसरीवर बसत, पाणी माझ्या हातचं घेत, मळ्याचं विचारत, आणि आई समोर बसलेली असली तरी तिच्याशी बोलत नसत. "तिले औषध आणलं आहे, देऊन द्या," असं मला सांगत. आत्याबाई ते ऐकत. मीही ऐकत होते. त्यांच्या अबोल्याचं कारण मला माहीत होतं, आणि ते कारण खोटं आहे हेही मला एकटीला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकून मिरच्या तोडत राहिले.

तेराव्यानंतरच एका सकाळी मी अंगणात आले तर कडुनिंबाखाली ते तीन दगड. कुंपणाच्या कडेचे आत्याबाईंनी उचलून आणले होते. शेजारी पऱ्हाट्यांची पेंढी. मी विचारलं, "पाणी तापवाले का?" त्या म्हणाल्या, "असू दे." त्या दगडांवर कधी काही चढलं नाही. दर शनिवारी त्या ती चूल शेणाने सारवायच्या. पावसाळ्यात पेंढीवर पोतं झाकायच्या. झाडताना माझ्या पायाला ते दगड कितीदा तरी ठेचकाळले आणि दरवेळी मी मनात म्हातारीला शिव्या दिल्या. मला वाटलं, माणूस गेल्याने डोक्यावर परिणाम झाला, चालायचंच.

वीस-एक वर्षं अशी गेली. मोट जाऊन विहिरीवर पंप आला. माझे गुडघे गेले. म्हणून मी खामगावला एका नव्या डॉक्टरांकडे गेले. तरुण, बाहेरगावचे, बोलायला शांत. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, मालक कशाने गेले? मी नेहमीसारखं सांगितलं: काविळीने, पोटात पाणी होतं, शेवटी ताप आला आणि पायांवर काळे फोड आले, दोन दिवसांत गेले. त्यांची लेखणी थांबली.

"आजी," ते म्हणाले, "त्यांनी समुद्राचं काही कच्चं खाल्लं होतं का?"

वीस वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी नेमका प्रश्न विचारत होतं. मी खुर्चीची कड धरली. हो म्हटलं.

त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. समुद्राच्या पाण्यात एक जंतू असतो, उन्हाळ्यात वाढतो, कालवांच्या पोटात साठतो. कालव ताजं असो, जिवंत असो, तोंड मिटलेलं असो, त्याने फरक पडत नाही. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, फार तर पोट बिघडतं. पण ज्याचं यकृत खराब झालेलं असतं, त्याच्या रक्तात तो जंतू शिरतो आणि बघता बघता माजतो. ताप, पायांवर फोड, आणि एक-दोन दिवसांत माणूस हाताबाहेर. हे अलीकडेच नीट कळलंय, ते म्हणाले, तेव्हाच्या डॉक्टरांना माहीत असायचं कारण नाही. तेव्हा सांगितलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता.

मी विचारलं, "अन् उकळलं असतं तं?"

"चांगलं उकळलं असतं तर जंतू मेला असता."

परतीच्या बसमध्ये मला गुडघे दुखल्याचं आठवत नाही. संताप आठवतो. हळद! वीस वर्षं मी गावाच्या तोंडी हळदीची गुन्हेगार होते, आणि ही बाई बसून ऐकत होती. गावाला एक वेळ नाही सांगणार, पण हिच्या तोंडावर फेकणार, असं ठरवूनच मी उतरले. स्वतः उचललेले दगड त्या संतापात कुठे गेले होते कोण जाणे. संताप असला म्हणजे माणसाला आपलं तेवढं विसरता येतं.

शनिवार होता. आत्याबाई अंगणात बसून ती चूल सारवत होत्या. कंबरेत पार वाकलेल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, कालवांत काय असतं, आणि उकळलं असतं तर तुमचा लेक जिता असता.

त्यांनी हात थांबवला नाही. "मले समजलं व्हतं," म्हणाल्या.

"कवा?"

"त्याच्या पायाले फोड आले तवाच. त्या कोळिणीनं उकळा म्हणून सांगतलं व्हतं. आपण नाही उकळलं. दुसरं काय झालं असंल?"

"मंग लोक मले हळदीवरून बोलत व्हते तवा तुमी काऊन नाही बोलल्या आत्याबाई?"

"बोलली असती तं मले बोलले असते."

इतकं सरळ त्या म्हणाल्या की मला पुढे भांडताच येईना. मग शेणाचा हात बाजूला धरून म्हणाल्या, "लहान्यानं दगड मांडले व्हते सांजचे. सकाळी पाह्यते तं नाही. त्यानंच उचलले असतीन, माह्या भेवानं. म्या एक डाव पेटव म्हटलं असतं तं पेटवली असती त्यानं. तो बोलत नाही माह्याशी, बरोबर आहे त्याचं. म्हणून हे मांडून ठेवले. आता कोणी पेटवतो म्हटलं तं मी नाही म्हणत नाही."

सांगायची वेळ ती होती. दगड मी उचलले आत्याबाई, त्यानं नाही. एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते, आणि मी ते गिळले. वीस वर्षं तू गप्प बसलीस ना, आता मी बसते. अगदी याच शब्दांत मी मनात म्हटलं, आणि मला बरं वाटलं. आत जाऊन मी चहा ठेवला, त्यांनाही दिला.

त्या आणखी तीन वर्षं जगल्या. शेवटी त्यांच्याने सारवणं होईना, तेव्हा बाजेवरून म्हणायच्या, "आज शनवार ना?" मग मी जाऊन ती चूल सारवायचे. त्या वेळेला मात्र बरं वाटत नसे. दर शनिवारी वाटायचं, आज सांगावं, आणि दर शनिवारी मी हात धुऊन आत यायचे. रागही केव्हाच संपला होता. नुसता कंटाळा उरला होता, आणि कंटाळ्याने माणूस किती दिवस गप्प राहू शकतो हे मला माझ्यावरूनच कळलं. आत्याबाई एका दुपारी झोपेतच गेल्या. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की धाकट्या लेकाने त्यांच्या धाकाने दगड उचलले आणि त्यांच्यामुळे थोरला गेला.

दीर तेराव्याला आले. केस पांढरे झालेले, बरोबर बायको-पोरं नव्हती. इतकी वर्षं ओसरीवरून त्यांना ती पाणी तापवायची चूल वाटत असावी; त्या दिवशी जेवणं उरकल्यावर कडुनिंबाच्या सावलीत बसले आणि काजळी न धरलेल्या दगडांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"वैनी, हे दगड काऊन मांडले इथी?"

"आत्याबाईनं मांडले. तवापासून हायेत. कोणी पेटवतो म्हटलं तं मी नाही म्हणत नाही, असं म्हणे."

मी त्यांच्यासमोर खाली बसले, गुडघ्यांनी बसता येत नव्हतं तरी बसले, आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते. त्या सकाळी दगड मी उचलले ते. पाणी वांग्यांना घातलं ते. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी तोंडाने काही न बोलता चुलीकडे पाहिलं, तेसुद्धा. मी थकली होती भाऊजी, असं म्हणणार होते, पण ते म्हटलं नाही.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी एका दगडावर हात ठेवला, सारवण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, त्यातली एक खपली नखाने काढली. मग म्हणाले,

"वैनी, मंग मी मायशी काऊन बोललो नाही एवढे वर्षं?"

ते माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. मी आत चुलीकडे पाहिलं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं.